पायटी एअर घेणारी गाडी: टाकीपासून पंपापर्यंत

कापसाचा हंगाम भरात असताना, जानेवारीत, वणी–मारेगाव पट्ट्यात जिनिंगच्या गाठी वाहणारी एक जुनी टाटा १६१३ ट्रक दुरुस्तीला आली. ६९७ इंजिन, मायकोचा सहा एलिमेंटचा इनलाइन पंप (नोझलांना दाबाने डिझेल देणारा मोठा पंप), त्याच्या कुशीला टाकीतून डिझेल ओढणारा छोटा फीड पंप आणि वर अर्ध्या लिटरचे दोन फिल्टर, पहिला कापडी, दुसरा कागदी. ड्रायव्हरने तक्रार सांगितली ती अशी (पायटी म्हणजे पहाटे, सकाळी): "पायटी लई सेल्फ खाते भाऊ. हात पंप मारला का चालू होते, अन् पंधरा-वीस सेकंदात पुन्हा बसते. एकदा नीट लागली का मंग दिवसभर काई कटकट नाई. फक्त टाकी अर्ध्याच्या खाली गेली का चढावर दम सोडते."

ह्या बोलण्यात निम्मं निदान आहे, म्हणून ड्रायव्हरला मधेच तोडायचं नाही. रात्रभर उभी राहिल्यावर त्रास होतो, म्हणजे लाइनीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि त्याच्या जागी हवा भरते. सुरू होऊन बंद पडते, म्हणजे पंपाच्या गॅलरीत, त्याच्या आतल्या डिझेलच्या पोकळीत, उरलेल्या डिझेलवर ती लागते आणि मागचा हवेचा गोळा पंपात पोचला की बसते. अर्ध्या टाकीची खूण सगळ्यात मोलाची. ती कशी उपयोगी पडली ते पुढे येईलच.

गाडी आधी एका ठिकाणी दाखवून झाली होती. तिथे फीड पंप नवा बसवला, नोझल टेस्ट केले, आणि रोज सकाळी एअर काढून, म्हणजे लाइनीत शिरलेली हवा बाहेर सोडून, गाडी चालवायला सांगितलं. एअर काढून गाडी रस्त्याला लागते, पण ज्या भोकातून हवा येते ते भोक तसंच राहतं. शिवाय रोजच्या त्या उठाठेवीत बॅन्जो बोल्ट (पाइप जोडणारे, आतून पोकळ बोल्ट) आणि हवा सोडायच्या एअर स्क्रूचे आटे झिजतात, तांब्याचे वायसर (वॉशर) कडक होतात आणि गळती एकाच्या तीन ठिकाणी होते. ह्या गाडीत नेमकं तेच झालं होतं.

एवढीशी हवा एवढं मोठं इंजिन का बसवते, हे समजून घेतलं की शोध सोपा होतो. पंपाचा प्लंजर, म्हणजे आतला दट्ट्या, पूर्ण लोडवरसुद्धा एका स्ट्रोकला जेमतेम एखाद-दोन थेंब डिझेल ढकलतो, आणि नोझल उघडायला साधारण दोनशे बार दाब लागतो. डिझेल दाबलं जात नाही, त्यामुळे प्लंजर वर सरकला की दाब लगेच चढतो. त्या जागी बुडबुडा असेल तर प्लंजर वर जाताना बुडबुडाच आकसतो, खाली येताना पुन्हा फुगतो, आणि नोझलपर्यंत काहीच पोचत नाही. म्हणून राईएवढा बुडबुडा एका सिलिंडरचा दम तोडतो.

लाइनीचे दोन भाग मनात वेगळे ठेवावे लागतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीवर चालतो. तिथे आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, म्हणून गाडी चालू असताना भोकातून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून पाइप कोरडा ठणठणीत दिसतो. फीड पंपापासून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंतचा भाग दाबावर चालतो, तिथे भोक असेल तर डिझेल गळतं. आपली नजर जाते ती गळणाऱ्या जागेवर, आणि बिचारा माणूस तोच बोल्ट आवळत बसतो. दाबाच्या बाजूची गळती गाडी चालू असताना हवा आत घेत नाही. पण गाडी बंद झाली, दाब उतरला आणि डिझेल मागे सरकू लागलं, की तिथूनही हवा शिरते. म्हणून रात्रीचा त्रास दोन्हीकडून येऊ शकतो, पण चालत्या गाडीचा दम जात असेल तर आधी ओढीची बाजू बघायची.

गाडी संध्याकाळी आली. त्या रात्री कशालाही हात लावला नाही. इंजिन, फिल्टर, पाइप, टाकीचं वरचं झाकण, सगळं ब्रशने आणि डिझेलने धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून ठेवलं. आपल्याकडची काळ्या मातीची धूळ आणि जिनिंगच्या आवारातली सरकीची फुंद तेलकट पाइपावर अशी बसते की ओल कुठून आली ते कळतच नाही. धुतल्यावर जुन्या हातशिलाईच्या खुणा दिसतात. इथे दोन दिसल्या. चेसिसच्या लोखंडी पाइपातून फीड पंपाकडे जाणाऱ्या रबरी नळीला क्लिपऐवजी बांधणीची तार पिळलेली होती, आणि दुसऱ्या फिल्टरच्या बुडाशी टेफ्लॉन टेपचे धागे लोंबत होते.

सकाळी सहाला, थंडीत, सेल्फ मारायच्या आधी टाकीचं झाकण उघडलं. आत हवा ओढल्याचा फुस्स आवाज आला असता तर झाकणाचं श्वासाचं भोक बंद आहे असं समजलं असतं. ते भोक धुळीने बुजलं की टाकीतच ओढ तयार होते, गाडी दम सोडते आणि लोक एअरच्या मागे लागतात. इथे आवाज आला नाही. मग फीड पंपावरच्या हातपंपाची घुंडी बघितली. एअर काढून झाल्यावर ती खाली दाबून पूर्ण फिरवून बसवायची असते. अर्धवट राहिली तर तिच्या दांड्याच्या बाजूने हवा आत जाते. ही घुंडी नीट बसलेली होती. इंजिनची तेलपट्टीही काढून बघितली. फीड पंपाची दांडी झिजली की डिझेल पंपाच्या कॅम बाजूला उतरतं आणि तेलाची पातळी चढत जाते. तेल पातळ होऊन डिझेलचा वास आला तर एअर बाजूला ठेवून आधी फीड पंप उतरवायचा, नाहीतर बेअरिंगं जातात. इथे पातळी ठीक होती.

पहिल्यांदा सेल्फ मारला तेव्हा धुराड्यातून धूर आला नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. इंजिन फिरतंय आणि धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत पोचतच नाही. पांढरा धूर येऊन गाडी लागत नसेल तर डिझेल पोचतं पण पेटत नाही, तिथे टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा थंडीचा प्रश्न असतो. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर धरायचा नाही, आणि मधे किमान अर्धा मिनिट थांबायचं. नाहीतर बॅटरी आणि स्टार्टर दोन्ही ह्या शोधातच जातात.

आता खरं काम. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून आतून १० मिमीची पारदर्शक नळी घेतली, दोन मीटर. पाइपाच्या मापाची घ्यायची, सैल घेतली तर तीच एअर घेईल आणि आपण दिवसभर तिच्याच मागे फिरू. तिचे हातभर लांब दोन तुकडे केले. एक फीड पंपात डिझेल आत येतं त्या तोंडाशी, रबरी नळीच्या जागी नाही तर तिच्या आणि फीड पंपाच्या मधे लावला. दुसरा मोठ्या पंपाच्या ओव्हरफ्लो व्हॉल्व्हनंतर, उरलेलं डिझेल टाकीकडे परत नेणाऱ्या रिटर्न पाइपात. जोडायला रबरी नळी चढते असे जुने बॅन्जो आणि चार पट्टा-क्लिपा लागल्या. बॅन्जो बोल्टांना १९ नंबरचा पाना लागला, एअर स्क्रूंना १७ चा. ही नळी फक्त तपासणीपुरती ठेवायची. डिझेलने ती काही दिवसांत पिवळी आणि कडक होते, आणि आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात इंजिनच्या उष्णतेने मऊ पडून ओढीने चपटी बसते.

हात पंप मारून एअर काढली आणि गाडी रेसवर न नेता चालू ठेवली. रिटर्नच्या नळीत सुरुवातीला दुधासारखा फेस, मग मोहरीएवढे बुडबुडे. मिनिटभराने बुडबुडे विरळ झाले, पण थांबले नाहीत. फीड पंपाच्या तोंडाशी लावलेल्या नळीत बघितलं तर तिथेही बुडबुडे होते, लांबट, साखळीसारखे, नळीच्या वरच्या कडेला चिकटून सरकत जाणारे. रेस दिली की साखळी दाट होत होती. म्हणजे हवा फीड पंपाच्या आधीच आत येत होती. नवा बसवलेला फीड पंप, फिल्टर आणि मोठा पंप ह्या घडीला दोषमुक्त झाले. रिटर्नमध्ये बुडबुडे असून फीड पंपाच्या तोंडाशी नळी काचेसारखी, बुडबुड्याविना असती, तर फीड पंपाचा दांडा, हातपंप आणि त्याचे वायसर तपासावे लागले असते. एखाद्या एकाच सिलिंडरच्या पाइपातून सारखे बुडबुडे येत असतील तर मात्र तिथलं नोझल उघडं अडकलंय का ते बघायचं, कारण सिलिंडरचा गॅस मागे येतो.

लगेच कॅनची तपासणी केली. पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये गाळलेलं डिझेल भरलं आणि कॅन फीड पंपाच्या वर, दोरीने बांधून टांगला. त्यात बुडापर्यंत नळी सोडून ती थेट फीड पंपाला लावली. रिटर्नचं टोकही त्याच कॅनमध्ये, डिझेलच्या पातळीच्या वर सोडलं, म्हणजे रिटर्नचे बुडबुडे पुन्हा आत ओढले जात नाहीत. पाच मिनिटांत दोन्ही नळ्या काचेसारख्या झाल्या आणि इंजिन एका सुरात बोलू लागलं. कॅनवर गाडी ठीक आणि टाकीवर नाही, म्हणजे दोष कॅनने वगळलेल्या भागात, टाकीतल्या ओढपाइपापासून रबरी नळीपर्यंत. ही तपासणी इतकी स्वस्त आणि इतकी स्पष्ट आहे की कोणताही नवा पार्ट घ्यायच्या आधी ती केलीच पाहिजे. ह्या गाडीचा फीड पंप विनाकारण बदलला गेला तो ती न केल्यामुळे.

उरलेल्या भागाला आता दाबाने तपासलं. टाकीकडचं आणि फीड पंपाकडचं टोक सोडवून लाइन मोकळी केली. एका टोकाला जुना बॅन्जो बोल्ट, दोन वायसर आणि नट लावून तोंड बंद केलं. दुसऱ्या टोकाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह रबरी तुकड्यात बसवून, दाबाचा काटा असलेल्या पायपंपाने १५ पीएसआय हवा भरली. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर इथे लावायचा नाही. तो शंभराच्या वर दाब देतो, त्यात नळी उडते आणि धड असलेले सांधेही जातात. टाकीला तर हवेचा दाब कधीच द्यायचा नाही. तिची पत्र्याची सपाट बाजू दोन-चार पीएसआयलाही फुगते.

भांड्याच्या साबणाचा दाट फेस ब्रशने प्रत्येक सांध्यावर लावला. काटा हळूहळू १५ वरून १० वर येत होता, पण तार बांधलेल्या नळीपाशी सुरुवातीला फेस उठला नाही. मग एकाने नळी हाताने धरून, इंजिन डुलतं तशी हलवली. तार पिळलेल्या जागी, पिळाच्या बाजूलाच, चण्याएवढे फुगे एकापाठोपाठ यायला लागले. चेसिस स्थिर असते आणि इंजिन डुलतं, त्यामुळे त्या दोघांमधली ही नळी प्रत्येक गिअरला वाकते. गळती तपासताना प्रत्येक नळी हलवून, पिळून बघायची, नुसता फेस लावून पुढे जायचं नाही.

नळी कापून उभी चिरली. बाहेरून तिला एकही भेग नव्हती. आतून मात्र रबराचा थर कापडापासून सुटून ओठासारखा लोंबत होता. इंजिनने ओढलं की तो ओठ आत वळून वाट अडवायचा, त्यामुळे ओढ वाढायची, आणि वाढलेल्या ओढीने तारेखालच्या दुमडीतून हवा शिरायची. एका दोषाने दुसऱ्याला जोर दिला होता. तार गोल आवळत नाही. पिळाच्या ठिकाणी रबर दुमडतं आणि समोरच्या बाजूला कापतं. त्या दुमडीतून हवेला वाट मिळते.

नवी नळी डिझेलला टिकणाऱ्या काळ्या रबराची, आत कापडाची जाळी असलेली घेतली. पाण्याची किंवा गॅसची नळी इथे लावू नये, डिझेलने ती आतून फुगते. लोखंडी पाइपाचं टोक बारीक एमरीने घासून गंजाच्या उभ्या रेषा काढल्या, कारण त्या रेषांतून क्लिप कितीही आवळली तरी हवा जाते. नळी इंचभर आत चढवली, पट्टा-क्लिप पाइपाच्या उठावाच्या मागे पण नळीच्या कडेपासून पाच मिमी आत बसवली, आणि इंजिन डुललं तरी ताण येणार नाही एवढी सैल लांबी ठेवली. क्लिप रबर पट्ट्यातून वर यायला लागेपर्यंत आवळत नाही. तेवढी आवळली तर तीच रबर कापते.

पुन्हा १५ पीएसआय. दहा मिनिटांत काटा अर्धा पीएसआयही हलला नाही. म्हणजे चेसिसवरचा लोखंडी पाइपही धड निघाला. तरी क्लॅम्पांखाली हात फिरवून बघितलं, कारण क्लॅम्पचं रबर गेलं की पाइप चेसिसवर घासून सुईच्या टोकाएवढं भोक पडतं, आणि ते नेमकं क्लॅम्पखाली लपतं. दोन ठिकाणी रबर नव्हतं. जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लॅम्प परत बसवले.

इथे काम संपलं असं वाटतं. पण ड्रायव्हरची अर्ध्या टाकीची खूण अजून सुटली नव्हती. लाइन जोडून गाडी चालू केली, टाकी तेव्हा पाऊण भरलेली होती, आणि नळी काच. टाकीतून डिझेल काढून पातळी अर्ध्याच्या खाली आणली, आणि दोन मिनिटांत बारीक साखळी परत आली. सांधे तेच, नळी तीच, फरक फक्त पातळीचा. म्हणजे भोक टाकीच्या आतल्या ओढपाइपाला, वरच्या भागात. टाकी भरलेली असताना ते डिझेलमध्ये बुडतं, तेव्हा पाइप तिथूनही डिझेलच ओढतो आणि कुणाला कळत नाही. पातळी भोकाच्या खाली गेली की तिथून हवा. डिझेल ओढायची उंची चढावर थोडी वाढते, लोडमुळे डिझेलही जास्त लागतं, म्हणून दम नेमका चढावर जायचा.

टाकीवरच्या फ्लँजचे स्क्रू काढून ओढपाइप बाहेर घेतला. खालच्या टोकाची जाळी निम्मी काळ्या चिकट गाळाने भरलेली होती. एक मीटर उंचीचं डिझेल ओढायला साधारण ०.०८ बार ओढ पुरते, जाळी चोक झाली की ती कितीतरी वाढते, आणि जेवढी ओढ जास्त तेवढी हवा जास्त. पाइपाचं खालचं तोंड अंगठ्याने दाबून, पाइप पाण्याच्या बादलीत बुडवून वरून फुंकलं. फ्लँजच्या वीतभर खाली, आतून गंज खाल्लेल्या जागेवरून, बारीक बुडबुड्यांची सरळ दोरी वर आली. वाळवल्यावर ती जागा नजरेला एक काळा ठिपका एवढीच दिसत होती. नखाने खरवडली तर नख आत गेलं.

पितळी झाळण करून ते भोक बंद करता येतं, पण पाइप टाकीपासून वेगळा, धुऊन कोरडा केलेला असेल तेव्हाच. डिझेलच्या टाकीला गॅसची ज्योत किंवा वेल्डिंग कधीही लावू नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत डिझेलची वाफ भरलेली असते आणि ती फुटते. रस्त्यात टाकी गळायला लागली तर ड्रायव्हर अंगाच्या साबणाची वडी घासून भोक बुजवतात. ती युक्ती गावापर्यंत पोचायला ठीक, पण ओढीच्या पाइपावर साबण टिकत नाही, तो आत ओढला जाऊन जाळीत बसतो. इथे गंज लांबवर होता, म्हणून झाळण न करता पाइपच बदलला. फ्लँजखालचं कॉर्क पॅकिंग नवं घातलं. बुडाचा स्क्रू काढून टाकी धुतली तेव्हा मूठभर गाळ आणि कपभर पाणी निघालं. रात्री टाकी रिकामी ठेवली की आतल्या पत्र्यावर दव धरतं, ते हे पाणी.

आता सकाळच्या त्रासाचा तिसरा धागा. दुसऱ्या फिल्टरचा टेफ्लॉन टेप. फिल्टरची वाटी मधल्या लांब बोल्टने वर आवळलेली असते आणि कडेला रबरी रिंग बसते. वाटी खाली उतरवली तर वरच्या खाचेत जुनी रिंग तशीच, चपटी होऊन चिकटलेली, आणि तिच्यावर नवी. दोन रिंगा एकावर एक कधीच बसत नाहीत. कुठेतरी सरकतात आणि गळतात. मग गळती थांबवायला बोल्ट आवळला जातो. अॅल्युमिनियमच्या डोक्याचे आटे आधीच अर्धे खाल्ले गेले होते, बोल्ट घट्ट लागायच्या ऐवजी फिरत राहत होता, आणि त्यावर टेप गुंडाळला होता. टेफ्लॉन ह्या कामात नकोच. बॅन्जो किंवा फिल्टरच्या बोल्टात आटे सील करत नाहीत, सील करतो तो वायसर आणि रिंग. टेपचे तुकडे मात्र आत जाऊन फीड पंपाच्या व्हॉल्व्हखाली किंवा ओव्हरफ्लोत अडकतात.

तसंच झालं होतं. ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह उघडला तर त्याच्या बैठकीवर पांढरा धागा. हा व्हॉल्व्ह साधारण एक-दीड बारला उघडतो आणि गॅलरीतला दाब राखतो. तो किंचित उघडा राहिला की दाबही कमी राहतो आणि गाडी बंद झाल्यावर गॅलरी रिकामी होऊ लागते. बैठक पुसली, स्प्रिंग तपासली, रॉकेलमध्ये धुऊन परत बसवला. फिल्टरचं डोकं बदललं, दोन्ही एलिमेंट नवे, खाच लाकडी काडीने खरवडून रिंग एकच. खाच पेचकसने खरवडायची नाही, त्याचा ओरखडा जन्मभर गळतो.

सोडलेल्या प्रत्येक बॅन्जोला नवे तांब्याचे वायसर लावले, बॅन्जोच्या दोन्ही अंगांना एकेक. जुने पुन्हा वापरायचेच असतील तर ते गॅसवर लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकायचे. तांबं एकदा दाबलं गेलं की कडक होतं, तापवल्यावर मऊ होऊन पुन्हा बैठकीच्या खाचा भरतं. वरची काळी साय बारीक एमरीने काढायची. बॅन्जोच्या तोंडावर ओरखडा असेल तर काचेवर ६०० नंबरचा पाणपेपर ठेवून, डिझेल टाकून, आठच्या आकड्यात फिरवून घासायचं. रेषा बोटाला लागायची थांबली की पुरे.

एअर काढताना क्रम टाकीकडून इंजिनकडे. वाटीत डिझेल भरून बसवली तर हात पंपाचे हात वाचतात, पण ते एलिमेंटच्या बाहेरच्या बाजूला ओतायचं, मधल्या भोकात नाही, नाहीतर न गाळलेलं डिझेल सरळ पंपात जातं. पहिल्या फिल्टरचा एअर स्क्रू दोन आटे सैल केला, घुंडी सोडून हात मारले. आधी थुंकीसारखा फेस, मग बुडबुडे, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू बंद. मग दुसरा फिल्टर, मग पंपाच्या गॅलरीचा स्क्रू. वाट्या अर्धवट भरून बसवूनही शंभराच्या वर हात लागले. घुंडी दाबून फिरवून बसवली. शेवटी दोन सिलिंडरच्या पाइपांचे नट नोझलकडे एक आटा सैल करून सेल्फ मारला, धक्क्याधक्क्याने डिझेल यायला लागल्यावर आवळले. ह्या नटांजवळ हात किंवा तोंड नेऊ नये. दोनशे बारची फवारणी कातडीतून आत शिरते आणि वरून टाचणीचा टोचा दिसतो. गळती बघायची असेल तर पुठ्ठा धरायचा. असा टोचा लागला तर घरी मलम लावून थांबायचं नाही, त्याच तासाला दवाखान्यात जायचं.

पारदर्शक नळी त्या रात्रीपुरती फीड पंपाच्या तोंडाशीच ठेवली, डिझेलची पातळी दिसेल अशी उभी वळवून, आणि मार्करने खूण केली. टाकी मुद्दाम पाव ठेवली आणि गाडीचं तोंड चढाकडे, म्हणजे फीड पंप टाकीपेक्षा वर. डिझेल उतरायला सगळ्यात वाईट अवस्था हीच. दहा तासांनी, सकाळी सहाला, पातळी खुणेवरच होती आणि गाडी हात पंप न लावता पहिल्याच सेल्फला, दोन सेकंदांत लागली.

नळी काढून पक्की जोडणी केली, पुन्हा एअर काढली, आणि पन्नास गाठी भरल्या. एक गाठ १७० किलोची, म्हणजे साडेआठ टन. पाव टाकीवर मारेगावकडे जाऊन परत आणली. एकाही चढावर रेस पडली नाही. आठ दिवसांनी ड्रायव्हर गाठी उतरवून परतताना थांबला तेव्हा नव्या रबराने थोडी बैठक घेतली होती, म्हणून दोन्ही क्लिपा पाव-पाव आटा आवळल्या, टाकीच्या बुडाचा स्क्रू सैल करून चमचाभर पाणी काढलं आणि फिल्टरच्या वाटीखाली बोट फिरवलं. बोट कोरडं आलं.